‘कोलहास’चा कोलाहल होऊ नये म्हणून

गेल्या दिवाळी अंकाच्या धांदलीत माझ्या हातून एक घोडचूक झाली. हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण त्या चुकीत खरोखरच दोन घोडे आहेत.

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका छापखान्यात मी ३१ वर्षं मुद्रितं तपासतोय. पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, महाराज मंडळींची चरित्रं, आणि गणपती बसले की दिवाळी अंक. त्यातल्या एका अंकात एका जुन्या वकीलसाहेबांचा लेख होता. कोरेगाव तालुक्यातला त्यांचा एक अशील बांधाच्या वादात २२ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय, त्याच्यावर. शेवटचं वाक्य होतं, ‘माझा हा अशील म्हणजे दुसरा कोलहासच.’ रात्रीचे साडेअकरा वाजलेले, तिसरं प्रूफ, डोळ्यांत चुरचुर. मी लाल पेन उचललं आणि ‘दुसरा कोलाहलच’ करून टाकलं. वर स्वतःवर खूश, की शेवटच्या ओळीतली चूक पकडली!

अंक बाहेर पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. “अहो अण्णा, माझ्या जित्याजागत्या माणसाचा तुम्ही गोंगाट केलात की!”

तेव्हापासून हे आडनाव, एका जर्मन कथेतल्या हक्कासाठी हट्टाला पेटलेल्या माणसाचं, माझ्या मानगुटीवर बसलंय. त्यानं जे शिकवलं ते इथं लिहितोय. प्रुफं तपासणाऱ्यांना उपयोगी पडेल, भाषांतर करणाऱ्यांना पडेल, आणि लेखात असं एखादं परदेशी नाव दिमाखात ठेवून देणाऱ्यांना तर नक्कीच.

पहिली गोष्ट हाताला लावायच्या शिस्तीची. अनोळखी शब्द दिसला की दुरुस्ती करायची नाही. शब्दाभोवती गोल, समासात प्रश्नचिन्ह, आणि सकाळी लेखकाला फोन. टंकचूक आणि आडनाव यांत फरक कळायला एक सोपी खूण आहे: टंकणाऱ्याची चूक दर वेळी वेगळी होते, नाव मात्र पाच ठिकाणी तसंच्या तसं येतं. पण ही खूण नाव एकदाच आलं असेल तर कुचकामी. तिथं मागचापुढचा शब्द बघायचा. ‘दुसरा’, ‘जणू’, ‘आमचा’, ‘आजचा’, आणि शेवटी चिकटलेला ‘च’. मराठीत उपमेचं नाव या दारातूनच आत येतं. ‘दुसरा कोलाहल’ असं कोणी म्हणत नाही, पहिला कोलाहल कुठं झाला होता? एवढं जरी त्या रात्री मनात आलं असतं तरी वाचलो असतो.

दुसरं, आपल्याकडं अशी नावं कशी चालतात ते आठवायचं. साताऱ्याच्या माणसाला लांब जावं लागत नाही. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर माहुली, तिथले रामशास्त्री प्रभुणे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा हा न्यायाधीश. आजही ‘रामशास्त्री बाणा’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. त्याच खुनातून ‘ध चा मा’ आला. कागदावरचं एक अक्षर फिरवलं आणि माणूस गेला, अशी आख्यायिका. (माझ्या धंद्यातल्या माणसानं ती देव्हाऱ्यात लावावी.)

आता गंमत बघा. ‘प्रभुणे बाणा’ असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर कोणाला कळणारही नाही. आपल्याकडं अर्थ चिकटतो तो नावाला, आडनावाला नाही. कारण आडनावं वाटून घेतलेली असतात. फितुरीसाठी ‘सूर्याजी पिसाळ’ म्हणतात, पण नुसतं ‘पिसाळ’ म्हणून कोणी बघावं! आमच्या जिल्ह्यात वाईपासून खाली उतरा, पिसाळ मंडळी गावोगाव आहेत, आणि ती रास्तच उठून भांडतील. आडनाव एकट्यानं उपमेचं काम करायला हवं असेल तर ते दुर्मीळ लागतं. शेजारी त्या आडनावाचा डॉक्टर नको, शाळेत मास्तर नको. ‘कोलहास’ जर्मन माणसाच्या कानाला असंच एकटं वाजतं. मिखाएल हे पुढचं नाव नाही लावलं तरी चालतं. तिकडच्या वर्तमानपत्रात एखादा माणूस हक्कासाठी हट्टाला पेटला की त्याला सरळ कोलहास म्हणतात.

तिसरं काम शुद्धलेखनाचं, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं अर्धं आयुष्य ऱ्हस्व-दीर्घात गेलंय.

परदेशी नाव फोनवर ऐकून लिहायचं नाही. मूळ रोमन अक्षरं कागदावर लिहून मागायची. वकीलसाहेबांनी विडीच्या पाकिटाएवढ्या चिठ्ठीवर लिहून दिलं: के, ओ, एच, एल, पुन्हा एच, दोन ए, एस. हे न मागता मी आधी मोबाईलवर मराठीतच शोधत बसलो होतो आणि फोन मला कोल्हापूरचं हवामान दाखवत होता. या अक्षरांतला पहिला एच उच्चारायचा नाही, तो फक्त ‘को’ लांबवायला असतो. दुसरा मात्र नीट उच्चारायचा. म्हणजे कोल आणि हास, दोन तुकडे. म्हणून ‘कोलहास’, ल आणि ह सुटे. आमच्या डीटीपीच्या ताईंनी सवयीनं ‘कोल्हास’ केलं होतं, तिथं मी हटकलं. एकदा का ल्ह जोडला की मराठी डोळ्याला आधी कोल्हा दिसतो, आणि कोल्हा आपल्याकडं लबाड. मूळ शब्दाचे तुकडे पाडले तर जर्मनमध्ये कोल म्हणजे कोबी आणि हाझे म्हणजे ससा. कोबीतला ससा! एका जोडाक्षरानं सशाचा कोल्हा करायचा, तोही न्याय मागणाऱ्याचा, हे बरं दिसत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: हे नाव ओळीच्या टोकाला आलं तर तोडू नका. ‘कोल-’ वर राहतं आणि खालची ओळ ‘हास’नं सुरू होते. गंभीर लेखात मधेच हसू.

विभक्तीचंही बघावं लागतं. माणूस म्हणून नाव आलं तर सामान्यरूप करायचं नाही: ‘कोलहासने’, ‘कोलहासचे घोडे’, जसं आपण ‘लूथरने’ लिहितो. पण तेच नाव जातीवाचक झालं, त्या स्वभावाच्या सगळ्यांसाठी आलं, की मराठी त्याला आपल्या पंक्तीला बसवते: ‘कोर्टाच्या आवारातल्या या कोलहासांना’, जसं ‘कळलाव्या नारदांना’. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, माझ्या टेबलावरचा आहे. पण लेखकानं कोणतं रूप लिहिलंय त्यावरून तो व्यक्तीबद्दल बोलतोय की वृत्तीबद्दल, हे पटकन उमगतं.

आता मूळ मुद्दा. या आडनावाचे दोन मालक आहेत, आणि त्यांची गफलत झाली की लेख फसला.

पहिला इतिहासातला. त्याचं नाव हान्स, आडनाव कोलहाझे, शेवटी झे. बर्लिनला लागून असलेल्या क्योल्न गावचा व्यापारी. ऑक्टोबर १५३२ मध्ये लाइप्झिगच्या बाजाराला निघाला असताना सॅक्सनीत ड्युबेनजवळच्या वेलाउने गावी तिथल्या जहागीरदाराच्या, गुंटर फॉन त्साश्विट्सच्या माणसांनी त्याचे दोन घोडे चोरीचे म्हणून अडवून ठेवले. त्यानं दाद मागितली, ती मिळाली नाही. १५३४ मध्ये त्यानं त्साश्विट्सविरुद्धच नव्हे, तर सगळ्या सॅक्सनीविरुद्ध वैराचं जाहीर पत्र काढलं. असं खासगी वैर पुकारणं, सॅक्सनी ज्याचा भाग होती त्या पवित्र रोमन साम्राज्यात, १४९५ पासूनच कायद्यानं बंद होतं, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून गुन्हेगार. विटेनबर्गला आगी लागल्या, त्या त्याच्या नावावर गेल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन लूथरनं त्याला पत्र लिहून समजावलं, की अन्याय झाला असला तरी सूड तुझ्या हातात घेऊ नकोस. पण प्रकरण काही मिटलं नाही. लुटालूट चालू राहिली आणि २२ मार्च १५४० रोजी बर्लिनमध्ये त्याला चाकावर हाडं मोडून मारलं.

दुसरा गोष्टीतला. हाइनरिश फॉन क्लाइस्ट या लेखकानं १८०८ मध्ये एका मासिकात थोडा भाग छापला आणि १८१० मध्ये पूर्ण कथा. त्यानं हान्सचा मिखाएल केला आणि आडनावाच्या शेपटीचा ई काढून मधे एक ए वाढवला. ही अक्षरं लक्षात ठेवा, कारण लेखात कोणाची गोष्ट चालली आहे ते तिथंच कळतं. कोलहाझे म्हणजे इतिहास, कोलहास म्हणजे साहित्य. क्लाइस्ट पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, की हा त्याच्या काळातल्या अत्यंत सचोटीच्या आणि त्याच वेळी अत्यंत भयंकर माणसांपैकी एक होता.

मी ती कथा इंग्रजीतून वाचली. चार रात्री लागल्या. मला सगळ्यात धरून ठेवलं ते घोड्यांनी. मिखाएल घोड्यांचा व्यापारी. ट्रोंका नावाच्या जहागीरदाराच्या गढीपाशी त्याला नाक्यावर अडवतात आणि परवाना मागतात. तो म्हणतो, मी इथून कित्येकदा गेलोय, परवाना कसला? शेवटी दोन काळे घोडे तारण ठेवून, देखभालीला हेर्झे नावाचा नोकर मागं ठेवून पुढं जातो. ड्रेस्डेनला चौकशी करतो तर तसला परवानाच अस्तित्वात नाही. परत येऊन बघतो तर हेर्झेला मारून हाकलून दिलेलं, आणि तुकतुकीत काळ्या घोड्यांची शेतात जुंपून जुंपून हाडं निघालेली. तो त्यांना तिथंच सोडतो. म्हणतो, हे माझे घोडे नाहीत. माझे जसे होते तसे द्या.

‘जसे होते तसे.’ सगळी कथा या तीन शब्दांवर उभी आहे. ट्रोंकाचे नातलग दरबारात, म्हणून फिर्याद दडपली जाते. बायको लिस्बेथ म्हणते, मी स्वतः राजाला अर्ज देते. तिथं पहारेकऱ्याच्या भाल्याचा दांडा छातीत बसून ती मरते. मग हा गढी जाळतो, विटेनबर्ग तीनदा पेटवतो, लाइप्झिगला आग लावतो. आणि शेवटी? घोडे परत मिळतात. खाऊनपिऊन गुबगुबीत, जसे होते तसे. जहागीरदाराला दोन वर्षं कैद. आणि शांतताभंगासाठी कोलहासची मान उडवतात. दोन्ही निकाल एकाच दिवशी, एकाच मैदानात. मी ते पान वाचून उठलो आणि उगीचच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो.

आता ‘कसं वापरायचं’ याचं माझं उत्तर. नाव उसनं घेण्याआधी ठरवा, तुम्ही कुठल्या पानावरचा माणूस घेताय. घोडे सोडून निघणारा? अर्जावर अर्ज करणारा? की मशाल घेतलेला? नाव एकच, पण वाचकाच्या मनात कुठलं पान उघडेल ते तुमच्या हातात नसतं. येरिंग नावाच्या जर्मन कायदेपंडितानं १८७२ मध्ये हक्कासाठी लढण्यावर व्हिएन्नात गाजलेलं व्याख्यान दिलं, त्याच्या छापील पुस्तकात कोलहास आहे, तो न्यायानं झिडकारलेला माणूस म्हणून. काफ्का या लेखकानं डिसेंबर १९१३ मध्ये प्रागला लोकांपुढं या कथेची सुरुवात मोठ्यानं वाचली होती. त्याला त्यात काय दिसलं असेल, हे दारोदार फिरणाऱ्या कोणत्याही अर्जदाराला विचारा.

वकीलसाहेबांशी माझा वाद इथंच झाला. मी म्हटलं, तुमच्या अशिलानं कधी काडी पेटवली नाही. शेजाऱ्यानं दीड हात बांध नांगरला, दोन आंब्याची झाडं पाडली. यानं दावा लावला, मोजणी केली, अपील केलं, अपिलावर अपील. मध्यंतरी शेजारी दीड हाताची किंमत द्यायला तयार झाला, वर झाडांचे पैसेही. हा म्हणाला, पैसे नकोत, बांध होता तिथं घाला. ठीक आहे, इथपर्यंत कोलहास. पण साहेब, ज्यानं पुढची पानं वाचली असतील तो तुमच्या अशिलाला जाळपोळ्या समजेल. वकीलसाहेब म्हणाले, “ज्यानं वाचलीत असा वाचक आपल्या अंकाला तीन असतील, अण्णा.” मी म्हटलं, त्या तिघांसाठीच तर मी पगार घेतो.

मग तोडगा निघाला तो असा, आणि तो कोणालाही वापरता येईल. नावाच्या आधी त्या पानाची एक ठळक खूण ठेवायची. ‘दुसरा कोलहास’ नाही, तर ‘हाडं निघालेले घोडे नाकारून निघणारा कोलहास’. चार शब्दांत गोष्टही कळली आणि मशाल बाजूला राहिली. तळटीप नको. तळटीप वाचणारा वाचक वाक्याचा सूर हरवून परत येतो, हे मी हजारो पानांवर पाहिलंय. आणि काहीच खूण न देता नुसतं नाव टाकणं म्हणजे पाहुण्याला दारात उभं करून ‘ओळखा पाहू’ म्हणणं.

उलट बाजूनंही एक युक्ती सांगतो. कधी लेखक नाव झाकून ठेवतो, तेव्हा नाव शोधायचं नाही, घटना शोधायच्या. अमेरिकन लेखक डॉक्टरो यांच्या १९७५ च्या ‘रॅगटाइम’ कादंबरीत कोलहाउस वॉकर नावाचा कृष्णवर्णीय पियानोवादक आहे. अग्निशमन दलाचे लोक त्याची फोर्ड मोटार अडवून टोल मागतात, ती घाण करून मोडून टाकतात. त्याची मागणी एकच, गाडी होती तशी करून द्या. त्याची होणारी बायको गाऱ्हाणं घेऊन मोठ्या पुढाऱ्याकडं धावते आणि रक्षकांच्या माऱ्यानं मरते. शेवटी गाडी दुरुस्त होऊन मिळते आणि त्याला गोळ्या घालतात. अडवलेलं वाहन, अर्ज घेऊन गेलेली बाई, परत मिळालेली वस्तू: तीन खुणा जुळल्या की नाव कितीही वाकवलेलं असो, ओळखू येतं. मराठीत आणताना कोणी ‘कोळशाचं घर’ असा अर्थ लावायला जाऊ नये म्हणून सांगितलं. नाव ‘कोलहाउस’च ठेवायचं, शक्यतो ल आणि ह सुटे, म्हणजे चौकस वाचकाला मागचा आवाज ऐकू येतो.

आमच्या अंकाचं काय झालं? उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी लावली. ‘कोलाहल’ऐवजी ‘कोलहास’ वाचावे. खळ घेऊन मी स्वतः दोन दुपारी बसलो, शिक्षाच म्हणा. तोडग्याचं वाक्य पुढं त्यांच्या लेखसंग्रहात जाणार आहे.

चिठ्ठी लावलेली एक प्रत त्या अशिलाच्या हाती गेली. डिसेंबरात तो मुलासोबत छापखान्यात आला. पांढरी टोपी, हातात कोर्टाच्या कागदांची नायलॉनची पिशवी, त्या दिवशीही तारीख होती. मुलगा जरा घुश्श्यात. “काका, हा कोलहास कोण? गावात एक जण म्हणतोय, दरोडेखोर होता.” मी दोघांना बसवलं, चहा सांगितला आणि अथपासून इतिपर्यंत गोष्ट सांगितली, काही न लपवता. आग, लूथर, लिस्बेथ, सगळं. लिस्बेथच्या वेळी म्हाताऱ्यानं खाली बघितलं. शेवट सांगताना मी थोडा चाचरलो. एकीकडं घोडे दिले, म्हटलं, आणि एकीकडं मान उडवली.

मुलगा काही बोलला नाही. म्हाताऱ्यानं बशीतला चहा संपवला, टोपी सारखी केली.

“पर दोन्ही घोडी माघारी गावली न्हवं त्याला?”

“गावली.”

“हुती तशी?”

“होती तशी.”

“मग झालं,” म्हणाला, आणि पिशवी उचलून तारखेला गेला.